नव्या गालिच्याचा वास आणि फॉर्मल्डिहाइड

नवा गालिचा अंथरला आणि खोलीभर वास सुटला, की कुणीतरी ठामपणे सांगतंच, "हे फॉर्मल्डिहाइड. चार दिवस खिडक्या उघड्या ठेवा, निघून जाईल." फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू खरा, पण या बोलण्यात दोन चुका आहेत. पहिली किरकोळ आहे, दुसरी मात्र वर्षानुवर्षं छातीत जाते.

पहिली लगेच उरकतो. नव्या गालिच्याच्या त्या ओळखीच्या वासाचं मुख्य कारण ४-फिनाइलसायक्लोहेक्झीन. धागे पाठीला धरून राहावेत म्हणून मागून स्टायरीन-ब्युटाडाइन लेटेक्स लावतात आणि ते बनवताना हे रसायन तयार होतं. हवेच्या एक अब्ज भागांत एखादा भाग असला तरी नाकाला कळतं, म्हणून वास एवढा दणदणीत. फॉर्मल्डिहाइड घरात येतं ते मुख्यतः पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेलं बोर्ड) आणि प्लायवूडमधून, म्हणजे कपाटं, पलंग, टेबलं यांतून. लाकडाचा भुसा किंवा पापुद्रे चिकटवायला स्वस्त पडणारं युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन (डिंकासारखं चिकटवणारं रसायन) वापरतात, तिथून. (फॉर्मॅलिन हे याच वायूचं पाण्यातलं द्रावण, वेगळं काही नाही.)

आता दुसरी चूक. गालिच्यातलं रसायन हौदातल्या पाण्यासारखं असतं. कारखान्यात जेवढं राहून गेलं तेवढंच. उडत जातं, कमी होतं, संपत येतं. तिथे खिडक्या उघडणं हा अगदी योग्य उपाय. बोर्डातलं फॉर्मल्डिहाइड झऱ्याच्या विहिरीसारखं. सुरुवातीला थोडा मोकळा साठा असतो, तो उडून जातो आणि लोकांना वाटतं, सुटलो. पण युरिया आणि फॉर्मल्डिहाइड जोडले जाताना पाणी बाहेर पडतं, आणि हीच क्रिया उलटही चालते. हवेतली ओल बोर्डात शिरते, रेझिनचे बंध तुटतात, नवं फॉर्मल्डिहाइड सुटतं. उपसलं तरी पाझर चालूच. खिडकी उघडी असेपर्यंत हवेतलं प्रमाण खाली येतं, बंद केली की काही तासांत पुन्हा चढतं. उष्णता आणि दमटपणा वाढला की पाझरही वाढतो.

२००५ च्या कॅट्रिना वादळानंतर अमेरिकेत बेघरांना दिलेल्या ट्रेलर-घरांची तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २००७-०८ च्या हिवाळ्यात तपासणी केली, तेव्हा फॉर्मल्डिहाइडची सरासरी एक अब्ज भागांत ७७ भाग निघाली. माणसं तिथे राहून बराच काळ लोटला होता, नवेपणाचा वास कधीच विरला होता, आणि थंडीचे दिवस होते. म्हणून "एकदा हीटर लावून घर तापवून काढा" हा सल्ला ऐकला की मला राग येतो. त्याने हौद रिकामा होईल. विहिरीचा पाझर थांबणार नाही.

"वास गेला म्हणजे संपलं" यावर तर मुळीच विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे एक अब्ज भागांत सुमारे ८० भाग. एवढ्या प्रमाणात अनेकांना वास येतच नाही. आणि हा वायू २००४ पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा म्हणून सिद्ध. एकूण व्हीओसी (हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं) दाखवणाऱ्या मीटरवरही भिस्त नको. फोटोआयोनायझेशन मीटर दिव्याच्या ऊर्जेने वायूच्या रेणूतला इलेक्ट्रॉन काढून तो वायू ओळखतं. त्यातला नेहमीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा असतो, फॉर्मल्डिहाइडला लागतात सुमारे १०.९. मीटर शून्य दाखवेल आणि कपाट पाझरत राहील.

विकत घेताना रेझिन कोणतं ते विचारा. फिनॉल-फॉर्मल्डिहाइड हे नाव जास्त भीतिदायक वाटतं, पण त्याचे बंध पाण्याने सहजी तुटत नाहीत, त्यामुळे पाझर कितीतरी कमी. मी तेच निवडतो, किंवा आयसोसायनेट या वेगळ्या चिकट रसायनाने चिकटवलेलं बोर्ड. घरात आधीच असलेल्या फर्निचरला पुढून चकचकीत लॅमिनेट असतं, पण मागची बाजू, कापलेल्या कडा आणि बिजागरीची भोकं उघडी असतात. सुटणारा वायू तिथून येतो, तेव्हा आधी ती बंद करा. आणि पाणी झिरपून फुगलेलं बोर्ड सील करत बसू नका, काढूनच टाका.