जाळी कोणी पाडली?

जुलैतल्या मुंबईत इडलीचं पीठ आंबवायला वेगळे कष्ट लागत नाहीत. रात्री दहाला वाटून ठेवलं की पहाटे पातेल्यावरचं झाकण वर उचललेलं असतं, आणि उठायला जरा उशीर झाला तर पीठ ओट्यावरून ओघळत शेगडीपर्यंत पोचलेलं. डाळ-तांदळाबरोबर आलेले जिवाणू रात्रभर साखर खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, पीठ फुगतं. घाई असली की आम्ही रव्याच्या पिठात चमचाभर इनो घालतो. तेही फुगतं, दोन मिनिटांत. वाफवल्यावर दोन्हींना जाळी पडते. आता नुसती जाळी बघून सांगा, जिवाणूंनी पाडली की सोड्याने?

खाणारा चवीवरून सांगेल. मंगळावर पाठवलेल्या यंत्राला जीभ नसते. परग्रहावरचे सूक्ष्मजीव शोधायचा खटाटोप पन्नास वर्षं चाललाय, आणि उपनगरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी मी त्याच्याकडे या जाळीतूनच बघते. खूण बऱ्याचदा सापडते. ती निर्जीव रसायनांनी उमटवलेली नाही हे दाखवताना घाम फुटतो.

१९७६ साली व्हायकिंगची दोन यानं मंगळावर उतरली. त्यांतला सर्वांत गाजलेला प्रयोग गिल्बर्ट लेव्हिन यांचा. हे गृहस्थ मूळचे सार्वजनिक आरोग्याचं काम करणारे इंजिनिअर. पिण्याच्या पाण्यात जंतू आहेत का हे झटपट कळावं म्हणून त्यांनी १९५०च्या दशकात एक युक्ती काढली होती. जंतूंना असं खाणं द्यायचं ज्यातला कार्बन किरणोत्सारी आहे. जंतूंनी ते खाल्लं तर त्यांनी सोडलेला वायूही किरणोत्सारी असणार, आणि तो मोजणं सोपं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आल्यावर नमुना तपासायला देऊन दोन-दोन दिवस अहवालाची वाट बघितलेल्या कोणालाही या युक्तीचं मोल कळेल.

हीच युक्ती मंगळावर गेली. चिमूटभर माती, तिच्यावर खाण्याच्या द्रावणाचा एक थेंब. वायू आला, चांगला भरपूर आला. मग तीच माती १६० अंशांवर तीन तास भाजून घेतली आणि पुन्हा थेंब टाकला. काही नाही. भाजल्यावर मेलं म्हणजे आधी जिवंत होतं, असं कोणीही म्हणेल. प्रयोग सुरू करण्यापूर्वी ठरवलेल्या निकषांप्रमाणे हा निकाल ‘जीव आहे’ असाच होता.

पण पहिल्या, न भाजलेल्या मातीवर दुसरा थेंब टाकला तेव्हा नवा वायू आला नाही, उलट आधीचाच थोडा मातीत परत मुरला. घरी करून बघा. आंबलेल्या पिठात थोडी साखर घातली की ते पुन्हा खदखदायला लागतं, कारण खाणारे तोवर वाढलेले असतात. सोड्यावर लिंबू पिळलं की एकदाच फसफसतं. सोडा संपला की वर कितीही लिंबू पिळा, ढिम्म. मंगळाची माती या बाबतीत सोड्यासारखी वागली. शेजारच्या दुसऱ्या एका प्रयोगात तर मातीला नुसती दमट हवा लागली तेव्हाच ऑक्सिजन बाहेर आला. म्हणजे मातीत काहीतरी जहाल रसायन होतं. आणि भाजण्याच्या युक्तिवादाचं काय? जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड तापवा, तेही फेसाळणं सोडून देतं. ते काही मरत नाही.

खरा घाव घातला तिसऱ्या यंत्राने. ते माती ५०० अंशांपर्यंत तापवून तिच्यात सेंद्रिय रेणू, म्हणजे जीव ज्यांचे बनतात ते कार्बनवाले रेणू, शोधत होतं. हाती लागले फक्त क्लोरीनवाले दोन-तीन साधे रेणू, आणि ते पृथ्वीवर यान धुताना राहिलेले असणार म्हणून बाजूला सारले गेले. सेंद्रिय द्रव्य नाही, मग जीव कुठला? पुढे २००८ साली फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्लोरीनवालं रसायन सापडलं. थंडीत हे शांत असतं, तापवलं की आसपासचं सेंद्रिय द्रव्य जाळून टाकतं आणि मागे उरतात क्लोरीनवाले साधे रेणू. म्हणजे व्हायकिंग शोधायला गेलं ते बहुधा त्याच्याच भट्टीत जळलं. मला या सगळ्या हकिकतीतलं हे वळण सर्वांत बोचतं. लेव्हिन मात्र २०२१ साली वारले तोवर आपल्याला मंगळावर जीव सापडला होता या मतावरून हटले नाहीत.

त्यांनी सुचवलेली एक सुधारणा मला फार आवडते. चटणीतला पुदिना आणि बाळंतशेपा यांच्या वासात कार्व्होन नावाच्या रेणूचा मोठा वाटा असतो. अणू तेच, जोडणी तीच, पण पुदिन्यातला डाव्या हातासारखा असेल तर शेपातला उजव्या, एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब. आपल्या नाकाला फरक लगेच कळतो. प्रयोगशाळेत साध्या रसायनांपासून असे रेणू बनवले की दोन्ही हातांचे जवळजवळ निम्मे-निम्मे तयार होतात. जीव मात्र हट्टी. आपल्या प्रथिनांतली अमिनो आम्लं डाव्याच हाताची. व्हायकिंगच्या द्रावणात दोन्ही हातांचे रेणू एकत्र मिसळलेले होते. ते वेगवेगळे दिले असते आणि मातीने एकच हात निवडला असता, तर ‘सोडा आहे’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली असती. मंगळावर फिरण्यासाठी बनवलेल्या युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन या बग्गीवर डावं-उजवं ओळखणारं यंत्र बसवलेलं आहे. ती अजून निघायची आहे.

वायूंवरून माग काढणंही असंच निसरडं. क्युरिऑसिटी बग्गीला मंगळाच्या जमिनीलगत अधूनमधून मिथेन सापडतो, आणि वरून फिरणाऱ्या युरोपच्या उपग्रहाला काहीच दिसत नाही. सुमारे १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी ग्रहावर डायमिथाइल सल्फाइड असल्याचा दावा २०२५ साली पुन्हा गाजला. आपल्याकडे हा वायू समुद्रातल्या प्लवकांमुळे, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, येतो, समुद्राच्या वासात त्याचा वाटा आहे. पण तो एका धूमकेतूवरही सापडलाय, आणि धूमकेतूवर कोणी पोहत नाही.

आता चिखलाकडे. दर वर्षी मी मुलांना ओहोटीच्या वेळी शिवडीच्या जेट्टीवर नेते. मुलं फ्लेमिंगोंचे फोटो काढतात, मी बाटल्यांत गाळ भरते. कॉलेजात तो गाळ, फाडलेलं वर्तमानपत्र आणि उकडलेल्या अंड्याचा बलक पारदर्शक बाटलीत घालून खिडकीत ठेवायचा. दीड-दोन महिन्यांत तळ काळाकुट्ट होतो, वर हिरवे-जांभळे पट्टे उमटतात. झाकण उघडलं की सडक्या अंड्याचा भपकारा. तळाशी ऑक्सिजन नसतो, म्हणून तिथले जिवाणू श्वासाला सल्फेट वापरतात. त्यातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड लोहाला भेटला की काळं लोह सल्फाइड बनतं. एक बाटली आम्ही आधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, उकळून घेतो. ती राखाडीच राहते.

पर्सिव्हिअरन्स बग्गीला जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवराच्या एका जुन्या नदीपात्रात जो खडक दिसला, तो बघून मला या बाटल्या आठवल्या. तोही मुळात चिखलच, अब्जावधी वर्षांपूर्वी पाण्यात बसलेला. त्यावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके. त्यांत व्हिव्हियनाइट हे लोहाचं फॉस्फेट आणि ग्रेगाइट हे लोहाचं सल्फाइड असावं असं मोजमापांवरून दिसतं, आणि सोबत सेंद्रिय कार्बनही. जिवाणूंशिवाय सल्फेटचं सल्फाइड व्हायला सहसा बरीच उष्णता लागते, आणि हा खडक तसा तापल्याच्या खुणा नाहीत. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात शब्द आहेत ‘संभाव्य जैवखूण’. सेंद्रिय द्रव्य कमी तापमानालाही लोहाशी संथपणे खेळू शकतं, ही वाट त्यांनी बंद केलेली नाही. ठीकच केलं.

वर्गात हे सांगितलं की कोणीतरी विचारतंच, “मॅडम, मग आपली उकळलेली बाटली तिथे कुठे आहे?” तिथे ती नाही. तिच्याऐवजी एक मोजमाप आहे. सल्फरचे काही अणू हलके असतात, काही जड; सल्फेटवर जगणारे जिवाणू हलकं सल्फर आधी उचलतात, त्यामुळे त्यांनी बनवलेल्या सल्फाइडात हलक्या सल्फरचं प्रमाण जास्त भरतं. त्या ठिपक्यांतून इतका बारीक हिशेब काढायला लागणारी यंत्रं खोली व्यापतात, बग्गीवर मावत नाहीत. बग्गीने त्या खडकातून खडूच्या तुकड्याएवढा नमुना कापून नळीत बंद केलाय, नाव सफायर कॅन्यन. तो पृथ्वीवर आणायची योजना खर्चापायी अडली आहे. नळी अजून मंगळावरच आहे.