नायजेरियात ५१ टक्के स्थानिक भागीदार लागतो? खुलासा

‘नायजेरियात कंपनी काढायची तर ५१ टक्के वाटा तिथल्या माणसाला द्यावाच लागतो’ हा सल्ला आजही फिरतो. तो चुकीचा आहे. १९७२ आणि १९७७च्या स्थानिकीकरण हुकमांनी अनेक क्षेत्रांत तशी बंधने घातली होती. १९९५मध्ये ती रद्द झाली. आता बहुतेक उद्योगांत मालकी १०० टक्के परदेशी चालते. शस्त्रास्त्रे, अमली पदार्थ आणि लष्करी गणवेश यांत खाजगी गुंतवणूकच बंद आहे. तेल-वायू, किनारी जहाजवाहतूक, प्रसारण यांचे नियम वेगळे, ते आधी तपासा.

खरी अडचण दुसरीकडेच आहे. २०२०च्या कंपनी कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, भारतातल्या कंपनीची नुसती शाखा तिथे चालत नाही. स्वतंत्र कंपनी नोंदवावी लागते. परदेशी भागीदारी असेल तर किमान भांडवल १० कोटी नायरा. त्यानंतर गृह मंत्रालयाचा व्यवसाय परवाना, आणि आपली माणसे न्यायची तर परदेशी कर्मचाऱ्यांचा कोटा.

सर्वांत महाग चूक भांडवल आणताना होते. पैसे अधिकृत बँकेतूनच आणा आणि भांडवल आयातीचा दाखला मागून घ्या. पैसे जमा झाल्यापासून २४ तासांत बँकेने तो द्यायचा असतो. पैसे ओळखीच्या माणसामार्फत रोखीने बदलले, तर दाखला मिळत नाही. मग नफा झाला तरी तो परत नेण्यासाठी अधिकृत बाजारात डॉलर मिळत नाहीत. यंत्रे भांडवल म्हणून पाठवलीत, तर त्यांचाही दाखला घ्या.