मुलांचा झोका, मोठ्यांचं वजन

बागेतल्या झोक्याची साखळी वरच्या आडव्या पाइपला जिथे अडकवलेली असते, तिथली कडी एकदा मान वर करून नीट बघा. झोका नवा असतो तेव्हा कडी सगळीकडे सारख्या जाडीची असते. दोन-चार पावसाळे गेले की तिच्या आतल्या बाजूला खाच पडते. बाकीची कडी गंजून तांबूस, खाच तेवढी चकचकीत, कारण तिथे लोखंडावर लोखंड रोज घासतं. बेळगावच्या पावसात गंज आणि घर्षण एकमेकांना चांगली साथ देतात. गंजाचा थर घासून सुटतो, खालचं कोरं लोखंड उघडं पडतं, त्याला पुन्हा गंज चढतो. कडी अशी आतून बारीक होत जाते.

तिच्यावर किती भार येतो, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रावरून काढता येतं. झोका स्थिर असेल तर बसणाऱ्याचं वजन, एवढाच भार. झोका हलला की हिशेब बदलतो, कारण झुलणाऱ्या माणसाला गोलाईत वळवत ठेवायचं बळही साखळीलाच द्यावं लागतं. झोका उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत चढून खाली आला तर तळाशी साखळ्यांवरचा ताण वजनाच्या दुप्पट होतो. साखळी पार आडवी होईपर्यंत नेला तर तिप्पट. पहिलीतलं २० किलोचं पोर ६० अंशांपर्यंत झुललं तर साखळ्यांवर ४० किलोचा भार आला. त्याच झोक्यावर ७५ किलोचे काका तेवढेच झुलले तर १५० किलोचा.

काकांना यातलं काहीच जाणवत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. झोका म्हणजे एक दोलकच, आणि दोलकाला एका हेलकाव्यासाठी लागणारा वेळ त्याच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. दोन मीटर साखळीचा झोका जाऊन-येऊन साधारण २.८ सेकंद घेतो, मग त्यावर पोर बसो की काका. लय तीच, वारा तोच, पोटात येणारा गोळाही तोच. फरक फक्त कडीला कळतो.

टिळकवाडी, शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही बागेत संध्याकाळी गेलात तर मोठी माणसं मुलांच्या साधनांवर दिसतात. कोणी आडव्या शिडीला लोंबकळून खांदे मोकळे करतं, कोणी सीसॉच्या पट्टीवर पाय ठेवून ताण देतं, कोणी झोक्यावर नुसतं बसतं. त्यांना उठवून लावावं असं मला मुळीच वाटत नाही. त्यांची गरज खरी आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचं वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी आणि त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवा. आपल्याकडे चालायला जाणारे पुष्कळ आहेत. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पहाटे बघा, माणसांची रीघ असते. पण चालण्याने हातांना, खांद्यांना, पाठीला काम मिळत नाही, आणि हे आडव्या शिडीकडे वळणाऱ्या माणसाला कोणी न सांगता उमगलेलं असतं. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा एक मोठा अभ्यास २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. हाताची पकड दर ५ किलोंनी कमी असेल तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असं त्यात आढळलं. पकड सैल झाली म्हणून कोणी दगावत नाही. अंगात एकूण किती ताकद उरली आहे, याची ती खूण आहे.

आपल्या भागाला तर ही ताकद पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची. कंग्राळी, कडोली, येळ्ळूरच्या पैलवानांची नावं अजून घेतली जातात, आनंदवाडीच्या आखाड्यातल्या कुस्त्यांना आजही गर्दी लोटते. तालमीतला डबलबार आणि मल्लखांब मोठ्या माणसाचं वजन धरूनच बनवलेले असायचे, आणि कोणी कधी मातीत उतरायचं हे वस्ताद ठरवायचे. पुढे गल्लोगल्लीच्या तालमी सुन्या होत गेल्या. जिमची फी सगळ्यांना झेपत नाही. बायकांना तर तालमीचं दारच नव्हतं. मग उरते बाग, आणि बागेत लोखंडाचं म्हणून जे काही उभं असतं ते मुलांसाठी असतं.

“इतकी वर्षं बसतोय, काही झालं नाही,” हे उत्तर हमखास येतं. उद्यमबागेच्या कारखान्यांत, फाउंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, शाफ्ट म्हणजे यंत्राचा फिरता दांडा एका दणक्यात सहसा तुटत नाही. रोजच्या लहान-लहान ताणांनी कुठेतरी केसाएवढी भेग पडते, ती आत सरकत जाते आणि एका साध्या दिवशी, साध्याच भाराला, तुकडा पडतो. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी तसा हा प्रकार, फक्त सावकाश आणि डोळ्यांआड चाललेला. याला धातूचा थकवा म्हणतात. वेल्डिंगच्या जोडांसाठी अभियंते एक ढोबळ नियम वापरतात: ताण दुप्पट झाला की जोडाचं आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. म्हणजे झीज ताणाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ७५ किलो म्हणजे २० किलोंच्या पावणेचारपट, आणि त्याचा घन पन्नासच्या वर जातो. कमकुवत जोडावर काकांचा एक हेलकावा हा त्या पोराच्या पन्नासेक हेलकाव्यांइतकी भेग वाढवतो.

पाइप जाड असेल, वेल्डिंग नीट भरलेलं असेल, तर ताण एका मर्यादेच्या खाली राहतो आणि भेग सुरूच होत नाही. चांगला बनवलेला झोका एक मोठा माणूस बसला म्हणून मोडत नाही, हे खरंच आहे. पण कुठला जोड चांगला आणि कुठला नुसता रंग मारून झाकलेला, हे खालून दिसत नाही. आणि जोड सुटतो तेव्हा झोक्यावर बहुधा पोरच असतं, कारण दिवसातला जास्त वेळ त्यावर तेच असतं. काकांनी वाढवलेल्या भेगेचा हिशेब त्याच्याकडून वसूल होतो. मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट सर्वांत जास्त खुपते.

घसरगुंडीवर तर प्रेमच घात करतं. रविवारी संध्याकाळी एखादी आई दीड वर्षाच्या बाळाला मांडीवर घेऊन घसरते. बाळ एकटं पडेल ही भीती असते, म्हणून. पण बाळाच्या बुटाचा रबरी तळ घसरगुंडीच्या पत्र्याला किंवा कडेला अडकतो. बाळ एकटं असतं तर पाय अडकल्यावर ते तिथेच थांबलं असतं, फार तर रडलं असतं. इथे मागे आईचं साठ किलो वजन खाली सरकत असतं आणि ते थांबत नाही. पाय जागच्या जागी, अंग पुढे, मधलं नडगीचं हाड पिळलं जातं. बाळाचं हाड एवढ्या पिळाला टिकत नाही. अमेरिकेत २००२ ते २०१५ या काळात सहा वर्षांखालच्या साडेतीन लाखांहून अधिक मुलांना घसरगुंडीवर इजा झाल्याचा अंदाज आहे. त्यातल्या सुमारे ३६ टक्के इजा हाड मोडण्याच्या होत्या, आणि एक ते दोन वर्षांच्या मुलांचं प्रमाण सर्वाधिक होतं. तिथले डॉक्टर यात मांडीवर बसवून घसरण्याला मोठं कारण मानतात. बाळाला घसरवायचंच असेल तर लहान घसरगुंडी निवडा, स्वतः बाजूला उभ्या राहा आणि काखेत धरून खाली आणा.

झुलणारा मोठा माणूस समोरून येणाऱ्यासाठीही वेगळा असतो. दोन मीटरचा झोका ६० अंशांवरून खाली येतो तेव्हा तळाशी त्याचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. वेग पोराचाही तोच, पण ७५ किलोंच्या धक्क्यात पावणेचारपट ऊर्जा असते, आणि झोक्यासमोरून धावणारं लेकरू तीन फुटांचं असतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची सूचना अशी की झोका ज्या उंचीवर टांगला आहे त्याच्या दुप्पट अंतर पुढे आणि तेवढंच मागे मोकळं असावं. आठ फुटांवर टांगला असेल तर दोन्हीकडे सोळा-सोळा फूट. आपल्या किती बागांत एवढी जागा सोडलेली दिसते?

आता लोखंड बाजूला ठेवू. सहा-सात वर्षांची मुलगी झोक्याच्या खांबाला धरून उभी आहे. झोक्यावर एक बाई, हातात मोबाइल, पाय जमिनीवर, झोका जेमतेम हलतोय. मुलगी काही बोलत नाही. आपल्याकडे मोठ्यांना ‘उठा’ म्हणायला मुलांना शिकवलेलंच नसतं. ती थोडा वेळ खांबावरचा रंग नखाने खरवडते आणि निघून जाते. बाईंना ती दिसलेलीही नसते. मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असं तीच जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि शाळा, शिकवणी, गृहपाठ यांतून उरलेला तास बहुधा हाच असतो.

गुपचूप निघून जाण्याचा हा प्रकार व्हिएन्ना शहरात अभ्यासला गेला आहे. १९९६-९७ मध्ये तिथे दिसून आलं की नऊ वर्षांनंतर मुली बागांतून एकदम कमी होतात, मुलगे मात्र येत राहतात. कोणी कोणाला हाकललेलं नव्हतं. मोकळं मैदान एकच होतं, ते जास्त जोरकस गटाने व्यापलं की बाकीचे भांडत न बसता घरी जायचे. शहराने काही बागांत मैदानाचे लहान भाग पाडले, वाटा वाढवल्या, आत-बाहेर जायच्या जागा वाढवल्या, आणि मुली परत येऊ लागल्या. उपदेशाचे फलक लावून एवढं झालं नसतं असं मला वाटतं. जागेची मांडणी बदलली की माणसं आपोआप वेगळी वागतात.

मांडणी बदलेपर्यंत मोठ्यांनी काय करावं? बागेचा कट्टा हे उत्तम साधन आहे आणि तो वापरल्याने कुणाही पोराचा हक्क जात नाही. जमिनीवर जोर मारताना हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार येतो. हात दोन फूट उंच कट्ट्यावर टेकवून मारले तर तोच ४१ टक्क्यांवर येतो. म्हणजे साठीतल्या माणसालाही जमेल. जमायला लागलं की कमी उंचीचा कट्टा शोधायचा. कट्ट्यावर बसून हात न टेकता उठणं, पुन्हा बसणं, ही मांड्यांसाठी पुरेशी बैठक आहे. पायांना चढण हवी असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड जवळ आहे. आणि आडवी शिडी मजबूत असेल, आसपास एकही मूल नसेल, तर भल्या पहाटे तिला धरून लोंबकळायला माझी हरकत नाही. झोके घेऊ नका, हिसके देऊ नका, नुसतं लटका. स्थिर भार आणि हिसक्याचा भार यांत किती अंतर असतं ते वर आलंच आहे.

झोक्याची हौस मात्र कट्ट्यावर भागत नाही. आमच्या गावांत नागपंचमीला चिंचेच्या नाहीतर आंब्याच्या फांदीला दोर टांगतात आणि माहेरी आलेल्या लेकी, सुना, चाळिशी उलटलेल्या बायकाही उभ्याने झोका चढवतात. तो झोका मोठ्यांचाच असतो. फांदी जाड निवडलेली असते, दोर चांगला दणकट बघितलेला असतो, आधी एखादा धट्टाकट्टा गडी त्याला लोंबकळून बघतो. भाराची चाचणी याहून वेगळी काय असते? वर्षातून एक दिवस बायकांना मिळणारा हा आनंद बागेत रोज का मिळू नये? जाड पाइपचा, रुंद पाटाचा, मोठ्यांसाठी म्हणून बनवलेला एक झोका महापालिकेला परवडणार नाही असं मुळीच नाही. तो असेल तर मुलांच्या झोक्यावरून उठायला कोणाला सांगावंच लागणार नाही.

ज्याचं साधन त्यानेच वापरावं, हा नियम उलट्या बाजूनेही पाळायला हवा. ओपन जिमची हिरवी-पिवळी यंत्रं मोठ्यांसाठी असतात. युरोपात त्यांच्यासाठी २०१५ साली जे मानक आलं त्यात १४ वर्षांवरच्या किंवा १४० सेंटिमीटरहून उंच माणसांचाच विचार आहे. आपल्याकडे संध्याकाळी त्यांवर मुलंच लटकलेली असतात. हलत्या दांड्यांच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट असते, आणि पलीकडून दुसरं मूल दांडा ओढत असतं. फलक कन्नडमध्ये असो की मराठीत, सहा वर्षांचं पोर तो वाचत नाही. पण खांबावर १४० सेंटिमीटर उंचीला पिवळी रेघ मारली तर ती त्याला कळते: डोकं रेघेच्या वर गेलं की इकडे, तोवर तिकडे. रंगाचा एक डबा पुरतो.

उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा जपण्यासाठी कर्नाटकात १९८५ पासून कायदा आहे, त्यामुळे जागेसाठी बोलायला आधार आहे. वॉर्डातल्या चार घरांनी मिळून नगरसेवकाकडे अर्ज द्यावा. त्यात मोघम ‘व्यायामाची साधनं’ असं लिहू नये. सिंगलबार दोन मागावेत, एक हात वर केल्यावर पुरेल असा आणि एक छातीच्या उंचीचा, म्हणजे ताकद कमी असलेल्यांना पाय जमिनीवर ठेवून ओढता येईल. मोठ्यांचा झोका एक. जागा मुलांच्या भागापासून दूर, चालायच्या वाटेलगत, आणि पहाटे साडेपाचला एकट्या बाईला यायला भीती वाटणार नाही एवढा उजेड असलेली.