चार संगणक जोडले की चौपट वेग?

ऑफिसातले चार जुने संगणक जोडून क्लस्टर (एकत्र काम करणारा संगणकांचा गट) केला की कुठलंही काम चौपट वेगाने होतं, असा समज बरीच वर्षं फिरतो आहे. ऐकायला पटतंही. पण नेटवर्कने जोडलं तरी प्रत्येक यंत्राचा प्रोसेसर आणि रॅम वेगळीच राहते. काम वाटून घेण्याची सोय प्रोग्राममध्येच असावी लागते. शिवाय निम्मंच काम वाटता येत असेल, तर चार यंत्रांवरही वेग फार तर १.६ पट, कारण उरलेलं निम्मं पूर्वीइतकाच वेळ खातं. ॲनिमेशनच्या फ्रेम रेंडर करणं, म्हणजे एकेक चित्र संगणकाकडून तयार करून घेणं, मात्र क्लस्टरसाठीच जन्मलेलं काम. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र.

खर्चाआधी तुमचा प्रोग्राम चालू ठेवून विंडोजमधला टास्क मॅनेजर (प्रोसेसर किती वापरला जातोय ते दाखवणारी खिडकी) बघा. चार लॉजिकल प्रोसेसर (विंडोज स्वतंत्र प्रोसेसर म्हणून मोजतं ते भाग) असून प्रोसेसरचा वापर २५ टक्क्यांवरच अडकला, तर तो प्रोग्राम बहुधा एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच भागावर, चालतोय; काम वाटून घेत नाहीये.