बॅले शूजची स्वच्छता

बॅले नर्तकांच्या वापरलेल्या शूजमधला घाम, मळ आणि वास काढून ते पुन्हा पायात घालण्याजोगे करण्याची ही रीत. शूज मुख्यतः दोन प्रकारचे असतात. सरावाचे मऊ, सपाट शूज कॅनव्हासचे किंवा चामड्याचे. बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचण्याचे पॉइंट शूज वरून सॅटिनचे. कॅनव्हास पाण्याने धुता येतो, चामडे ओलसर फडक्याने पुसता येते, पॉइंट शूजना मात्र पाण्यात घालायचेच नसते. मळके दिसले म्हणून बादलीत भिजवलेला पॉइंट शू वाळल्यावर कितीही उजळ दिसला तरी नाचायच्या कामाचा राहत नाही.

याचे कारण शूच्या टोकात आहे. बोटांभोवतीचा कडक भाग, ज्याला नर्तक ‘बॉक्स’ म्हणतात, तो लाकडाचा असतो असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो गोणपाट, सुती कापड आणि कागद यांचे थर चिकटवून केलेला असतो. पारंपरिक बनावटीत हे थर पिठाच्या चिकीने जोडतात. आकाशकंदिलाला लावतो त्या मैद्याच्या खळीचीच ही जात : वाळली की टणक, ओली झाली की लिबलिबीत. बादलीतले पाणी जे काही मिनिटांत करते तेच पायाचा घाम सावकाश करतो. म्हणून मोठ्या बॅलेत मुख्य नर्तकी एकाच प्रयोगात एकाहून अधिक जोड वापरते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘गेनर मिंडेन’ या अमेरिकी कंपनीच्या शूजमध्ये बॉक्स आणि तळव्याची पट्टी प्लॅस्टिकच्या जातीच्या लवचीक पदार्थाची असते. ती घामाने मऊ पडत नाही. पण सॅटिन आणि आतले अस्तर तिथेही घाम पितेच.

तेव्हा पॉइंट शूजच्या बाबतीत सफाई म्हणजे मुख्यतः वाळवणे. सराव संपताच बोटांवरचे सिलिकॉनचे किंवा लोकरीचे पॅड बाहेर काढावेत. सिलिकॉनचे पॅड साबणाने धुता येतात. शूची नाडी सैल करून कडा उघडाव्यात आणि चेपलेला बॉक्स ओलसर आहे तोवरच बोटांनी दाबून मूळ आकारात आणावा, कारण ज्या आकारात तो वाळेल तोच आकार धरून बसेल. मग शूज जाळीच्या पिशवीत घालून वाऱ्यावर टांगावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबणे ही सर्वांत वाईट सवय. कडक ऊन आणि हेअर ड्रायरही टाळावेत. आत कोंबायला कोरा कागद घ्यावा, वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते. एक-दोन दिवसांनी अंगठ्याने बॉक्स आतून दाबून पाहावा : गार आणि दबणारा लागला तर ओल अजून आहे. म्हणूनच दोन जोड आलटून-पालटून वापरणे कोणत्याही फवाऱ्यापेक्षा गुणकारी ठरते.

मुंबईत तुष्ना डॅलस यांनी १९६६ मध्ये बॅलेची शाळा काढली, तेव्हापासून या शहरातले नर्तक पावसाळ्याशी झुंजत आहेत. जुलैत हवेलाच ओल असते, तिथे नुसते टांगून भागत नाही. पंख्याखाली वाळवून नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवणे हा उपाय चालतो. ओले शूज मात्र थेट डब्यात जाऊ देऊ नयेत, बुरशी धरते.

वासाचे मूळ घामात नाही. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातले ल्युसीन हे ॲमिनो आम्ल फोडतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होते. पायाचा तो ओळखीचा आंबूस वास त्याचाच. तिथे सापडणाऱ्या ब्रेव्हिबॅक्टेरियमच्या कुळातले जिवाणू काही युरोपीय चीज मुरवायला वापरतात, त्यामुळे दोन्हींचा वास सारखा येतो. खाण्याचा सोडा कामी येतो तो याच कारणाने : आम्लाशी संयोग होऊन त्याचे क्षार बनते आणि ते हवेत उडत नाही. सोड्याची सुती कापडातली पुरचुंडी रात्रभर शूमध्ये ठेवून सकाळी काढावी. सुगंधी फवाऱ्याने वास फक्त झाकला जातो. बोटांच्या बेचक्यात खाज किंवा साल निघत असेल तर उपचार पायावर करावा लागतो, आणि आपले शूज दुसऱ्याला देऊ नयेत.

जिवाणू मारण्यासाठी काही जण स्पिरिट फवारतात. इथे एक अडचण आहे. मऊ पडत चाललेला बॉक्स पुन्हा कडक करण्यासाठी नर्तक आतून लाखेचे पॉलिश लावतात. ही लाख आपल्याकडचीच, झारखंड-छत्तीसगडात पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची. ती विरघळते स्पिरिटमध्येच. लाख लावलेल्या शूमध्ये भरपूर स्पिरिट मारले तर घातलेला कडकपणा आपल्याच हाताने जातो.

सॅटिनवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशने निघेल तेवढाच काढावा. पाण्याचा थेंब सुकला की भोवती कडे उमटते. उरलेले डाग झाकतात. त्यासाठी गुलाबी कॅलामाइन लोशन स्पंजने लावण्याची जुनी चाल आहे, तिने रंगमंचावरची चमकही मरते. गोऱ्या कातडीला जुळणाऱ्या गुलाबी शूजवर कृष्णवर्णीय नर्तकांना मात्र वर्षानुवर्षे आपल्या रंगाचे फाउंडेशन थापावे लागले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ने शूज आणि मोजे त्वचेच्या रंगात रंगवण्याचा पायंडा पाडला, लंडनच्या ‘फ्रीड’ कंपनीने ‘बॅले ब्लॅक’ या नृत्यसंस्थेसोबत तपकिरी छटांचे पॉइंट शूज आणले ते २०१८ मध्ये. शूज नीट दिसावेत यासाठीची ही मेहनत सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नाही, हे नोंदवायलाच हवे.

कॅनव्हासचे शूज सोपे. पाय घसरू नये म्हणून लावलेली, तळव्याला चिकटलेली राळ आधी कोरडीच खरवडावी, मग जाळीच्या पिशवीत घालून गार पाण्यात सौम्य साबणाने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. ब्लीचने इलॅस्टिक कुजते, उष्णतेने तळव्याचा डिंक सुटतो. चामड्याच्या शूजना ओलसर फडके पुरे. त्यांच्या मखमली तळव्यावर मळ बसून तो गुळगुळीत झाला की पाय घसरतो; तेव्हा तारेच्या ब्रशने लव पुन्हा उभी करावी.

बॉक्स एकदा खचला की शू टाकून द्यावा. तो घालून टोकावर उभे राहणे घोट्याला धोक्याचे. रिबिनी तेवढ्या उसवून घ्याव्यात. त्या हाताने धुऊन, इस्त्री करून, टोके मेणबत्तीच्या ज्योतीवर हलकेच शेकली की नव्या जोडाला शिवता येतात.