नाशकात महिला मास्टर्स हॉकीची विभागीय स्पर्धा घ्यायचीय? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

मैदान ठरलं, ट्रॉफीला स्पॉन्सर मिळाला, जर्सीचे रंगसुद्धा ग्रुपवर भांडून फायनल झाले आणि मग अर्ज परत आला, असं कुणाचं ना कुणाचं होतच असतं. आणि कारण बघायला गेलं तर हॉकीशी काही संबंध नसतो, कुठेतरी एक कागद नसतो किंवा तारीख चुकीची वाचलेली असते. म्हणून सोपं आहे ते पटापट सांगतो आणि जिथे लोक अडकतात तिथे जरा थांबतो.

मास्टर्स म्हणजे कोण हे आधी क्लिअर करू. महिलांसाठी ३५ पासून पुढे, मग ४०, ४५ असे पाच-पाच वर्षांचे गट. हॉकी इंडियाने, म्हणजे देशाच्या हॉकी संघटनेने, जून २०२५ मध्ये चेन्नईला पहिला मास्टर्स कप घेतला तिथेही महिलांना ३५ आणि पुरुषांना ४० ही अट होती. तुमची पहिलीच स्पर्धा असेल तर एकच गट ठेवा, ३५ च्या वरच्या सगळ्या. आपल्याकडे ४५ प्लसच्या चार टीम उभ्या करताना दमछाक होते, उगाच तीन गट जाहीर करून दोन रद्द करायची वेळ आणू नका.

आता अर्ज कोण करू शकतं. मैत्रिणींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू शकत नाही, रजिस्टर्ड संस्था लागते. मंडळ, क्लब, माजी खेळाडू संघ काहीही चालेल, पण धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, संस्थेचं पॅन आणि संस्थेच्या नावाचं बँक खातं हवं. एन्ट्री फी खजिनदारांच्या पर्सनल यूपीआयवर घ्यायची सवय असेल तर ती आधी बंद करा, पुढे हिशोब दाखवताना फार त्रास होतो.

आणि इथेच पहिला मोठा खड्डा आहे, त्याचं नाव शेड्यूल वन. धर्मादाय कार्यालयात तुमच्या संस्थेच्या विश्वस्तांची जी यादी आहे तिचा उतारा मागतात. तो काढल्यावर कळतं की कागदोपत्री अध्यक्ष अजून तेच आहेत जे वारून आठ-दहा वर्षं झाली, सेक्रेटरी पुण्याला शिफ्ट झालेत, आणि अर्जावर सही करणाऱ्या ताईंचं नाव त्या यादीत कुठेच नाही. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यायचा असतो. तो कुणी देत नाही. सभा होते, हार-तुरे होतात, फोटो पेपरला जातो, चेंज रिपोर्ट राहतो. उशीर झाला म्हणून संस्था बंद पडत नाही, उशिराचं कारण देऊन अर्ज भरता येतो, पण मंजुरीला वेळ लागतो आणि तो किती लागेल हे कुणाला विचारू नका, सांगणारा भेटत नाही. तोपर्यंत एवढं करा: चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच, त्याचा नंबर आणि ज्या सभेत नवी कार्यकारिणी निवडली त्या ठरावाची खरी प्रत, हे तिन्ही एकत्र जोडा. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर काम पुढे सरकतं. नाही सरकलं तर ज्या संस्थेचे कागद स्वच्छ आहेत तिला मुख्य आयोजक करा आणि तुमचं नाव सहआयोजक म्हणून घाला. इगो बाजूला ठेवा, बॅनरवर दोन्ही नावं सारख्याच साइझची येतात.

दुसरा घोळ "विभागीय" या शब्दाचा. महसूल विभाग धरला तर नाशिक विभागात पाच जिल्हे, नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार आणि अहिल्यानगर. पण क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धांमध्ये अहिल्यानगर पुणे विभागात जातं. महसूलचे विभाग सहा, क्रीडाचे आठ, का ते विचारू नका, आहे ते आहे. आता तुम्ही नुसतं "नाशिक विभाग" छापलंत की अहिल्यानगरच्या टीमला वाटतं आपण आहोत, समोरची टीम हरली की तिला आठवतं की या नाहीत, आणि प्रोटेस्ट सेमीफायनलच्या नंतर येतो. म्हणून नियमपत्रकात जिल्ह्यांची नावं लिहा. आणि खेळाडूचा जिल्हा कशावरून धरणार तेही लिहा, आत्ता राहते तिथला, का जन्माचा, का नोकरीचा. मूळची भुसावळची, लग्न होऊन सिडकोत, नोकरी संगमनेरला, अशी बाई तीन टीमना हवी असते.

स्पर्धेला मान्यता जिल्हा हॉकी संघटनेमार्फत हॉकी महाराष्ट्रकडे मागायची, ती हॉकी इंडियाची राज्यातली सदस्य संघटना. थेट वर मेल टाकला तर तो फिरून खालीच येतो. आमंत्रितांची स्पर्धा आहे, मान्यता कशाला, असं बरेच जण म्हणतात, पण मान्यता नसेल तर पॅनलवरचे पंच यायला कचरतात आणि रजिस्टर्ड खेळाडूही विचार करतात. रजिस्ट्रेशनवरून आठवलं, आपल्या बऱ्याच जणींनी स्टिक ठेवली तेव्हा हॉकी इंडियाच नव्हती, ती २००९ ची. त्यामुळे ऑनलाइन आयडी कुठून असणार. स्थानिक स्पर्धेत आयडी सक्तीचा करू नका, मात्र पुढे राज्याच्या टीमसाठी नाव द्यायचं असेल तर नोंदणी लागणारच, तेवढं खेळाडूंना आत्ताच सांगून ठेवा.

आता खरी डोकेदुखी, वयाचा पुरावा.

सगळ्यात जास्त एन्ट्री इथे उडतात आणि उडणाऱ्या बायका खोटं बोलत असतात असं अजिबात नाही. आधी तारीख बघा. "३५ वर्षे पूर्ण" लिहिलं की लगेच प्रश्न, कोणत्या तारखेला पूर्ण? समजा स्पर्धा डिसेंबर २०२६ मध्ये आहे. कट-ऑफ १ जानेवारी २०२६ ठेवली तर जन्म १ जानेवारी १९९१ किंवा त्याआधीचा हवा. ३१ डिसेंबर २०२६ ठेवली तर १९९१ मध्ये जन्मलेली प्रत्येक जण बसते. जून ९१ वाली एका नियमात आत, दुसऱ्यात बाहेर. म्हणून "वय ३५" एवढंच लिहू नका, "या तारखेला किंवा त्यापूर्वी जन्मलेल्या" असं सरळ लिहा. ३५ वं लागलं आणि ३५ पूर्ण झाली यातला फरक फोनवर समजावून घसा बसतो.

कागद कोणता? आधार कार्ड सगळ्या पाठवतात आणि आधार जन्मतारखेचा पुरावा नाही. हे आधार देणाऱ्या यूआयडीएआयनेच सांगितलंय, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये एका निकालात तेच म्हटलंय. बऱ्याच आधार कार्डांवर १ जानेवारी असते किंवा नुसतं वर्ष, कारण काढताना जे सांगितलं ते टाकलं गेलं. आधार ओळखीसाठी घ्या, वयासाठी जन्म दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं बोर्ड सर्टिफिकेट किंवा पासपोर्ट यातलं एक.

जन्म दाखला पन्नाशीच्या बाईकडे सहसा नसतो. नाशिक महानगरपालिका झाली १९८२ मध्ये, त्याआधी नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर अशा वेगळ्या नगरपालिका होत्या, त्यामुळे जुनी नोंद शोधताना जन्म कुठल्या हद्दीतला ते आधी आईला नाहीतर मावशीला विचारून घ्या. देवळाली कॅम्पला जन्म असेल तर नोंद कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, महापालिकेच्या खिडकीवर उभं राहून उपयोग नाही. गावाकडचा जन्म असेल तर ग्रामपंचायत. आणि नोंदच नाही म्हणून आता उशिराची नोंद करायला निघालात तर ती वेगळीच लढाई आहे, स्पर्धेच्या आधी संपणार नाही, त्या नादी लागू नका.

त्यापेक्षा शाळा गाठा. दाखला हरवला असेल तर जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा, उतारा मागा, सही-शिक्क्यासह. शाळा बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठे गेलं हे पंचायत समितीच्या शिक्षण विभागात कळतं, शहरातल्या मनपा शाळेचं मनपाच्या शिक्षण विभागात. उतारा हातात पडला की लगेच घडी घालून पर्समध्ये टाकू नका, तिथेच काउंटरवर वाचा. जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात अशी दोनदा लिहिलेली असते. मनमाडच्या एका गोलकीपर ताईंच्या दाखल्यावर आकड्यात ०३-०८ आणि अक्षरात "आठ मार्च". पेनाने लिहिलेला जुना दाखला, सुंदर वळणदार अक्षर आणि तारीख दोन. छाननीला बसलेल्या माणसाने तो बाजूला ठेवला, नियमाने बरोबरच ठेवला. त्यांचं बरं, वर्ष एकच होतं म्हणून हेडमास्तरांच्या खुलाशाच्या पत्रावर भागलं. वर्षच वेगळं असतं तर एन्ट्री गेली होती.

मग नाव. दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नाव वडिलांचं आणि आडनाव नवऱ्याचं, आणि घरी सगळे तिसऱ्याच नावाने हाक मारतात. पुरुषांच्या स्पर्धेत हा विषयच नसतो म्हणून फॉर्म बनवणाऱ्यांच्या डोक्यातही येत नाही. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो जोडा, त्यावर लग्नाआधीचं नाव असतं, दोन्ही कागद जुळतात. तो नसेल आणि राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात असेल तर ती. दोन्ही नसेल तर आयोजक म्हणून तुम्ही दोन नावांची व्यक्ती एकच असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र स्वीकारणार का, हे नियमपत्रकात आधीच लिहा, ऐनवेळी चेहरा बघून ठरवू नका. आणि घटस्फोटित किंवा माहेरचंच नाव ठेवलेल्या खेळाडूला दहा जणांसमोर "नवऱ्याचं नाव?" विचारणारा कार्यकर्ता डेस्कवर नको. फॉर्मवर "लग्नाआधीचं नाव, असल्यास" एवढा एक रकाना ठेवला की विषय संपतो.

मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट एमबीबीएस किंवा वरच्या डॉक्टरांचं, त्यावर रजिस्ट्रेशन नंबर आणि तारीख. नुसत्या प्रिस्क्रिप्शनवर "फिट" लिहून आणलेलं परत जातं. बीपीची गोळी चालू असेल तर लपवू नका, सांगा, त्यासाठी कुणी बाहेर काढत नाही.

मैदानाची परवानगी मालक कोण त्यावर, महापालिका, क्रीडा संकुल, कॉलेज, ज्याचं त्याला पत्र आणि अनामत रक्कम. स्पीकरसाठी आणि बंदोबस्तासाठी हद्दीतलं पोलीस स्टेशन, मांडव घालणार असाल तर त्याची परवानगी वेगळी. आता गंमत अशी की मैदानवाले म्हणतात पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात मैदान मिळाल्याचं पत्र आणा, आणि दोन्हीकडचे साहेब मीटिंगला गेलेले असतात. यावर उपाय एकच, मैदानवाल्यांकडून "पोलीस परवानगीच्या अधीन राहून तत्त्वतः मंजुरी" अशा शब्दांत पत्र मागा. ते मिळतं, फक्त मागावं लागतं. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, बघतो" याला पोच म्हणत नाहीत.

तारीख निवडताना सिंहस्थ डोक्यात ठेवा. २०२७ मध्ये पर्वणीच्या आसपास पोलीस, हॉटेल, मोकळी मैदानं यातलं काही मिळेल या भ्रमात राहू नका. पावसाळा तर सोडाच. डिसेंबर-जानेवारी छान, पण गवताचं मैदान असेल तर सकाळी सातची मॅच लावू नका, दवाने पाय सटकतात, आणि पन्नाशीत गुडघा गेला की सहा महिने घरात. टर्फच हवं असेल तर खर्चाचा अंदाज आधी काढा.

खेळाचे नियम एफआयएचचेच, म्हणजे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचे, अकरा खेळाडू, बदली हव्या तितक्या. चार क्वार्टर १५-१५ मिनिटांचे असतात, मास्टर्सला कमी करायचे असतील तर किती ते लिहा. ग्रीन कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, यलो किमान पाच, रेड म्हणजे त्या खेळाडूची मॅच संपली. गोलकीपरचं पूर्ण किट आणि पेनल्टी कॉर्नरला डिफेन्सचे फेस मास्क आयोजकांकडे एक्स्ट्रा असू द्या, बायका जुन्या स्टिक घेऊन येतात पण मास्क कुणाकडेच नसतो.

एक गोष्ट फॉर्मवर कुणी विचारत नाही तरी करा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात स्पर्धेचं ठिकाणसुद्धा येतं. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थेबाबतच्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात, तिचा संपर्क आणि तुमच्यातल्या एका जबाबदार बाईचा नंबर चेंजिंग रूमच्या दारावर लावा. आणि चेंजिंग रूमला आतून कडी आहे ना, ते स्वतः जाऊन बघा.

कागद तपासणी पहिल्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी उरकून घ्या, झेरॉक्स तुमच्याकडे आणि मूळ प्रत बघून तिथल्या तिथे परत. मूळ दाखले फाईलला लावून ठेवू नका, कितीही विश्वासाने दिले तरी. एखादीचा तीस वर्षांपूर्वीचा शाळेचा दाखला तुमच्या टेबलावरून गहाळ झाला तर तो पुन्हा मिळवताना तिचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.