पाच फाईली, पण लिव्हर एकच

कोकणकन्येतून पहाटे ठाण्याला नाहीतर दादरला उतरणाऱ्या लोकांत एखादं तरी घर असं असतं ज्यांच्या हातात कपड्याच्या दुकानाची मोठी पिशवी असते आणि आत कपडे नसतात, फाईली असतात. न्यूरोची वेगळी, हाडांची वेगळी, डोळ्यांची, पोटाची, छातीची वेगळी. माझ्या बहिणीकडे अशीच पिशवी आहे. भाचा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसतो) आणि सोबत फिट्स, घर कणकवलीच्या पुढे. सगळे डॉक्टर आपापल्या जागी चांगले, तरीपण मध्ये पोरगा दोन दिवस असा लुळा पडला की घरात रडारड झाली, आणि ते का झालं हे कळल्यापासून मी याच विषयाच्या मागे लागलोय.

झालं असं की पावसात त्याला खोकला-ताप आला आणि जवळच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक दिलं. छातीच्या इन्फेक्शनला ते देतात, त्यात काही वावगं नाही. त्यांनी विचारलंही, दुसरं काही औषध चालू आहे का? भावोजी म्हणाले, नाही, तापावर अजून काही दिलं नाही. फिट्ससाठी कार्बामॅझेपीन चालू होतं, पण चार वर्षं रोज दिलेली गोळी, ती त्यांच्या लेखी औषध राहिलीच नव्हती, भात-आमटीसारखी झाली होती. तिसऱ्या दिवशी पोरगा उठेना, उठवला तर मान धरवेना, वर उलट्या. आजी म्हणाली, "ह्याका कायतरी बाहेरचा लागलाहा, गाऱ्हाणा घालूक व्हया." देवाला गाऱ्हाणं घालायला माझी ना नाही, पण त्यापायी दवाखाना संध्याकाळवर गेला ते चुकलं आणि हे मी घरात स्पष्ट बोललो. रक्त तपासलं तर कार्बामॅझेपीनची पातळी खूप वर गेलेली. डोस तोच, गोळी तीच, मग वाढली कशी?

आपल्याला वाटतं खोकल्याचं औषध छातीत जातं, फिट्सचं डोक्यात, दोघांचा संबंध काय. संबंध लिव्हरमध्ये येतो. लिव्हरच्या पेशींत सायटोक्रोम पी ४५० (थोडक्यात सीवायपी) नावाच्या एन्झाइमांचं, म्हणजे रसायनं बदलणाऱ्या प्रथिनांचं, मोठं कुटुंब आहे, माणसात त्याची ५७ जीन्स आहेत. या एन्झाइमांच्या पोटात हीम असतं, हिमोग्लोबिनमध्ये असतं तसंच, मधोमध लोखंडाचा एक अणू. त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटवला की ते ४५० नॅनोमीटरचा निळसर-जांभळा प्रकाश शोषतं, म्हणून नावात ४५०. हा लोखंडाचा अणू ऑक्सिजन धरतो आणि बाहेरून आलेल्या रसायनावर चढवतो, मग ते रसायन पुढे शरीराबाहेर टाकणं सोपं जातं. या कुटुंबातला सीवायपी ३ए४ हा एकटा आपल्या नेहमीच्या औषधांपैकी जवळपास निम्म्यांचं काम बघतो, कार्बामॅझेपीन त्यातलंच.

क्लॅरिथ्रोमायसिनवर हा एन्झाइम काम करायला जातो आणि जे तयार होतं ते त्याच्याच लोखंडाला घट्ट चिकटून बसतं. एन्झाइम बाद. आता कार्बामॅझेपीन रोज आत येतंय पण त्याला मोडायला कुणी नाही, म्हणजे पर्ह्याचं (ओढ्याचं) तोंड पाल्यापाचोळ्याने बुजलं आणि वरून पाऊस थांबत नाही तसं. एरिथ्रोमायसिनही असंच करतं. त्यांच्याच घराण्यातलं ॲझिथ्रोमायसिन मात्र या एन्झाइमला फारसा त्रास देत नाही, म्हणजे डॉक्टरांना नुसतं कळलं असतं तर दुसरं औषध हाताशी होतं!

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे, पपनस. गणपतीत माटवीला (मूर्तीच्या वर टांगलेल्या चौकटीला) बांधतात आणि नंतर घरात सोलून खातात. पपनस आणि गोड संत्र्याच्या संकरातून ग्रेपफ्रूट आलं, आणि ग्रेपफ्रूटच्या रसाने कार्बामॅझेपीनची पातळी वाढते हे माहीत आहे. त्यातली फ्युरानोकुमारिन नावाची रसायनं आतड्यातल्या सीवायपी ३ए४ ला कायमचं निकामी करतात, आतड्याला नवीन एन्झाइम बनवायला एक ते तीन दिवस लागतात. पपनसातही ही रसायनं असतात. म्हणून सकाळी फळ आणि रात्री गोळी असं अंतर ठेवून भागत नाही.

उलटा प्रकार मला जास्त भारी वाटतो. लिव्हरच्या पेशीत पीएक्सआर नावाचा एक पहारेकरी (हेही एक प्रथिनच) आहे, १९९८ साली सापडला. याच्या खळग्यात परकं रसायन बसलं की तो आरएक्सआर नावाच्या जोडीदाराबरोबर डीएनएवर ठरलेल्या जागी बसतो आणि सीवायपी ३ए४ चं जीन जोरात चालू होतं, म्हणजे एन्झाइम वाढतो आणि बाकीची औषधं भराभर मोडायला लागतात. टीबीचं रिफाम्पिसिन यात सगळ्यात दांडगं. फिट्सचंच दुसरं औषध फिनोबार्बिटोन मुख्यतः सीएआर नावाच्या दुसऱ्या पहारेकऱ्यामार्फत हेच करतं, आणि कार्बामॅझेपीन तर स्वतःलाच मोडणारा एन्झाइम वाढवतं, त्यामुळे सुरू केल्यावर तीन ते पाच आठवड्यांत त्याचा स्वतःचा मुक्काम निम्म्यावर येतो. हाच वाढलेला एन्झाइम व्हिटॅमिन डी पण मोडतो, म्हणून अशा मुलांची हाडं कमजोर होऊ शकतात, म्हणजे न्यूरोच्या गोळीचा हिशोब हाडांच्या फाईलीत निघतो.

आता यातली वेळ बघा. एन्झाइम वाढायला एक-दोन आठवडे आणि ते औषध बंद केल्यावर उतरायला पुन्हा दोन-तीन आठवडे. समजा एखाद्या मुलाचं मुंबईत फिनोबार्बिटोन हळूहळू बंद केलं, सगळं छान, गाडी धरून घरी आले. पुढच्या दिवसांत एन्झाइम उतरत जातो, बाकीच्या औषधांची पातळी चढत जाते आणि पोरगा सुस्त होतो तेव्हा समोर जो डॉक्टर असतो त्याला बंद झालेल्या गोळीचं नावही ठाऊक नसतं.

इथेच "आयुर्वेदिक आहे, साईड इफेक्ट नाही" म्हणून लिव्हर साफ करायचे काढे-पावडरी विकणाऱ्यांचा मला राग येतो. लिव्हर म्हणजे चहाची गाळणी नाही धुवून ठेवायला. सेंट जॉन्स वर्ट नावाच्या युरोपातल्या वनस्पतीतलं रसायन पीएक्सआरला जोरदार जागं करतं, तेव्हा झाडपाला म्हणजे निरुपद्रवी असं पहारेकरी मानत नाही. काढा देत असाल तर तोही डॉक्टरांना सांगायचा.

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६७ मध्ये "मेडिकल होम" असा शब्द काढला, आणि सुरुवातीला त्याचा अर्थ एवढाच होता की अशा मुलाच्या सगळ्या नोंदी एका जागी असाव्यात. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते आणि पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवते. पण दोन तपासण्यांच्या मधल्या महिन्यांत नोंदी सांभाळणारी आईच असते.

बहिणीने आता एकच कागद केलाय. वर वजन आणि तारीख, कारण मुलांचा डोस किलोवर असतो. खाली प्रत्येक औषध, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कुणी दिलं. फिट पाच मिनिटांवर गेली तर नाकातला कुठला स्प्रे, किती. गोळ्या पट्टीतच ठेवायच्या हेही लिहिलंय, कारण कार्बामॅझेपीनची गोळी दमट हवेत ओल शोषून कडक होते, पोटात नीट विरघळत नाही आणि परिणाम एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो, आणि आपल्याकडे जूनपासून भिंतीला पण ओल असते. एक प्रत फाईलीत, एक शाळेत बाईंकडे, एकाचा फोटो भावोजींच्या मोबाईलमध्ये. कुठलंही औषध स्वतःच्या मनाने कमी-जास्त करायचं नाही, कागद फक्त दाखवायला.

सगळ्यात खालचा रकाना मी भांडून टाकायला लावला, "बंद केलेली औषधं आणि तारीख". बहीण म्हणाली, बंद झालेलं कशाला लिहायचं, जागा जाते. मग तिला पीएक्सआर समजावून सांगितला, अर्धा तास लागला, आणि तिने पेन घेऊन क्लॅरिथ्रोमायसिनची तारीख स्वतः लिहिली.